जुना संगणक आणि नवा : बदलण्यापूर्वींचें मोजमाप

माझ्या ओळखीचे दोन गृहस्थ आहेत. दोघांचाहि धंदा अक्षरजुळणीचा, म्हणजे हल्लीं ज्याला सर्वत्र डीटीपी म्हणतात त्याचा. एकाचें दुकान नांदेडास वजिराबादेत. दुसऱ्याचें लातुरास, गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकीं एकावर. लग्नपत्रिका, बिलबुकें, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणूक आली कीं हस्तपत्रकें, अशीं कामें दोघेहि करतात. नांदेडकरांची पत्नी ही लातूरकरांची थोरली बहीण. २०२५ सालच्या भाऊबिजेला लातूरकर बहिणीकडे ओवाळून घ्यावयास गेले आणि दुकानांत जरा टेकले. संगणक सुरू होऊन पहिली फाईल उघडेपर्यंत घरून आलेला चहा पिऊन संपला. तेव्हां न राहवून ते म्हणाले, "दाजी, हा डबा आतां भंगारांत घाला. माझ्या नव्या मशीनवर बटण दाबलें कीं काम सुरू."

"डबा आहे खरा," नांदेडकर म्हणाले, "पण आठ वर्षें त्यानेंच घर चालविलें आहे."

नवें यंत्र घ्यावयाचें तर चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये हवे होते, आणि तेवढीच रक्कम त्यांनीं मुलीच्या शिकवणीसाठीं बाजूला काढून ठेविली होती. ती मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं लातुरांत मामाकडेच राहते. म्हणजे वाद वरवर पाहतां यंत्रांचा, परंतु आंतून पाहिला तर घरांतल्या पैशाचा. दोघांनीं तो माझ्यापुढें ठेविला, आणि त्या निमित्तानें मीं जें पाहिलें व मोजलें तेंच आज आपल्यापुढें मांडीत आहें. लहान दुकानें, शाळा, पतसंस्था, वकिलांचीं कार्यालयें अशा कितीतरी ठिकाणीं हाच प्रश्न सध्यां उभा आहे.

प्रश्न बहुधा असा विचारला जातो : "नवा संगणक जुन्याच्या किती पट वेगवान आहे?" ह्या प्रश्नाला उत्तर नाहीं. बैलापेक्षां ट्रॅक्टर किती पट चांगला, असें कोणीं विचारलें तर आपण प्रथम काम कोणतें तें विचारूं. नांगरणी, कीं ओळींमधली कोळपणी? संगणकाचें तसेंच आहे.

जाहिरातींत मोठ्या अक्षरांत जो आंकडा छापतात, त्यानें तर पुष्कळांची फसगत केलेली आहे. इंटेल कंपनीचा पेंटियम-४ हा प्रोसेसर २००० सालीं बाजारांत आला तो दीड गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा, आणि २००४ पर्यंत तो ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढला. गिऱ्हाइकाला वाटलें, आंकडा मोठा म्हणजे यंत्र मोठें. पुढें २००६ सालीं त्याच कंपनीनें कोअर-२-ड्युओ आणला. त्यांतील साधे प्रोसेसर दोन गिगाहर्ट्‌झच्याहि आंत होते, आणि तरीहि ते ह्या चढ्या पेंटियमला सहज मागें टाकीत. कारण गिगाहर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदांत पडणारे ठोके. एका ठोक्यांत काम किती उरकतें तें त्या आंकड्यांत नसतें. लांब टांगा टाकणारा माणूस हळू चालूनहि लवकर पोंचतो, तसा हा प्रकार आहे.

ह्या अडचणीवर शास्त्रज्ञांनीं उपाय योजिले नाहींत असें नव्हे. इंग्लंडांतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतून १९७२ सालीं 'व्हेटस्टोन' ही चांचणी निघाली. दशांश अपूर्णांकांचीं गणितें यंत्र किती वेगानें करतें तें ती पाही. १९८४ सालीं 'ड्राइस्टोन' आली. परंतु कंपन्या अशा चांचण्यांपुरतेंच यंत्र घोटून घेऊं लागल्या. परीक्षेंत येणारेच प्रश्न पाठ करणारा विद्यार्थी व हे ह्यांत फरक काय? तेव्हां १९८८ सालीं कांहीं उत्पादकांनीं एकत्र येऊन 'स्पेक' नांवाची संस्था काढली व खऱ्याखुऱ्या कामांतून उचललेल्या कार्यक्रमांवर मोजमाप करण्याची पद्धति रूढ केली. त्या सर्व खटाटोपाचा मथितार्थ आपल्यापुरता एवढाच कीं, सर्वांत चांगली चांचणी म्हणजे आपलें स्वतःचें रोजचें काम.

म्हणून आम्हीं तेंच केलें. मनगटी घड्याळ, एक वही व एक पेनड्राइव्ह, एवढें सामान. त्या पेनड्राइव्हवर नांदेडकरांच्या नेहमींच्या कामांतल्या फायली घेतल्या : सोळा पानांची एक स्मरणिका, छायाचित्रें असलेली एक लग्नपत्रिका, एका शाळेची प्रश्नपत्रिका. त्याच फायली दोन्ही यंत्रांच्या आपापल्या डिस्कवर उतरवून घेतल्या. नंतर यंत्र पूर्ण बंद करून सुरू करणें, फाईल उघडणें, पीडीएफ बनविणें, छपाईला सोडणें, ह्या प्रत्येकाचा वेळ तीन तीन वेळां टिपला. तीन वेळां अशासाठीं, कीं पहिला व दुसरा वेळ ह्यांत मोठें अंतर पडतें. एकदां उघडलेली फाईल रॅममध्यें, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत, शिल्लक राहते व दुसऱ्या खेपेस डिस्कवर जावेंच लागत नाहीं. दुकानदार नवें यंत्र दाखवितो तेव्हां तो बहुधा सकाळपासून दहादां उघडलेली वस्तूच पुन्हां उघडून दाखवितो. त्यानें लबाडी केलेली नसते, परंतु आपण पाहतों तो दुसरा वेळ असतो.

वहींत उतरलें तें मोठें उद्बोधक होतें. सुरू होण्यांत व पहिल्यांदां फाईल उघडण्यांत नांदेडचें यंत्र फार म्हणजे फारच मागें होतें. परंतु तीच फाईल दुसऱ्यांदां उघडली कीं दोन्ही यंत्रांतला फरक घड्याळावर कसाबसा दिसे. पीडीएफ बनवितांना लातूरचें यंत्र पुढें, पण थोडेंच. छपाईला तर काडीचाहि फरक नाहीं, कारण तेथें वेळ लागतो तो छपाईयंत्राला.

हें असें कां व्हावें? नांदेडकरांचें यंत्र २०१७ सालचें. त्यांत सातव्या पिढीचा आय-फाइव्ह-७५०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर आहे, चार जीबी रॅम आहे, आणि एक फिरती हार्ड डिस्क आहे. लातूरकरांच्या नव्या यंत्रांत बाराव्या पिढीचा आय-थ्री, सोळा जीबी रॅम, आणि फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी. सारें रहस्य ह्या शेवटच्या वस्तूंत आहे. फिरती डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी असलेली माहिती वाचणाऱ्या सुईखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें चार सहस्रांश सेकंद लागतात. त्याआधीं ती सुई योग्य कक्षेवर नेण्यास आणखी आठ-नऊ. एकूण तेरा सहस्रांश धरा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे गोळा करावयाचे असले, तर सेकंदाला पाऊणशें-ऐंशींच्या पलीकडे तिची धाव नाहीं. आणि यंत्र सुरू होतांना नेमके असेच हजारों बारीक तुकडे उचलावे लागतात. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें; साधी साटा-जातीची एसएसडीहि सेकंदाला असे तुकडे हजारोंनीं उचलते. आडत दुकानांत कांटा कितीहि चपळ असो, गोदामांतून पोतें आणणारा हमाल एकच व तोहि पायानें अधू असला, तर मापारी हात बांधून उभा राहणारच. नांदेडच्या यंत्राचा प्रोसेसर असा हात बांधून उभा होता.

त्यांत चार जीबी रॅमची भर. आजचे ब्राउझर उघडून चारदोन पानें पाहूं लागलें, बाजूला अक्षरजुळणीचा कार्यक्रम ठेवला, कीं ही स्मृति भरते, आणि मग यंत्र न मावणारा मजकूर त्याच मंद डिस्कवर नेऊन ठेवूं लागतें व पुन्हां आणूं लागतें. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. तेथें प्रोसेसर, स्मृति व डिस्क ह्यांपैकीं कोण शंभर टक्क्यांना टेकला आहे तें कोणासहि दिसतें. नांदेडला प्रोसेसर विसावर आणि डिस्क शंभरावर होती. खरेदीला जाण्यापूर्वीं एवढें एक जरी कोणी पाहिलें, तरी अर्धा प्रश्न तेथेंच सुटतो.

आणखी एक गोष्ट आमच्या मराठवाड्यापुरती सांगावीशी वाटते. वैशाखांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, दुकानाला पत्र्याचें छत असतें, आणि रस्त्यावरची धूळ पंख्यावाटे यंत्राच्या पोटांत जाऊन बसते. प्रोसेसर बहुधा शंभर अंशांच्या जवळ गेला कीं स्वसंरक्षणार्थ आपली गति आपणच उतरवितो. मालक समजतो, यंत्र म्हातारें झालें. तें बिचारें नुसतें तापलेलें असतें. नांदेडकरांचें यंत्र आम्हीं उघडलें तेव्हां पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर होता व प्रोसेसर आणि त्याच्या उष्णतावाहक ठोकळ्यामधला लेप सुकून खपली झाला होता. तो पुसून नवा लावला. तुलना करावयाची तर दोन्ही यंत्रें स्वच्छ करून व एकाच प्रहरीं करावी. सकाळीं नव्याची आणि भर दुपारीं जुन्याची, असा न्याय नसावा.

लातूरकर मात्र आपला हेका सोडीनात. "प्रोसेसर कांहीं उगीच नवा काढतात का?" त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. एका वेळीं एकच काम करतांना त्यांचा प्रोसेसर दीडपटीच्या आसपास वेगवान आहे, आणि काम चारी गाभ्यांवर वांटतां आलें तर दुपटीलाहि जातो. तेवढ्यावरून काम किती लवकर उरकेल हें मात्र ठरत नाहीं. जीन ॲमडाल ह्या संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं जें मांडलें तें मीं त्यांना एस. टी. च्या भाषेंत सांगितलें. नांदेड ते लातूर, लोहा-अहमदपुरावरून, सुमारें १४० किलोमीटर. समजा, बसला चार तास लागतात व त्यांतला एक तास स्थानकांवर थांबण्यांत जातो. इंजिनाचा वेग दुप्पट केला तर धांवण्याचे तीन तास दीडावर येतील, पण थांबण्याचा तास तसाच राहील. प्रवास अडीच तासांचा होईल, दोनचा नव्हे. आणि इंजिन कितीहि जबर बसविलें तरी त्या एका तासाच्या आंत कोणी लातुरास पोंचणार नाहीं.

आतां लातूरकरांच्या बाजूनें बोलणें मला भाग आहे. त्यांनीं अलीकडे लग्नाचे छायाचित्र-संग्रह व ध्वनिचित्रफितींचें संकलन हीं कामें धरलीं आहेत. मोठमोठीं छायाचित्रें एकावर एक रचणें, तासाभराची फीत तयार करून बाहेर काढणें, ह्या कामांत प्रोसेसर अखंड राबतो. तेथें चार गाभे व सोळा जीबी रॅम ह्यांचें चीज होतें. त्यांनीं पैसे वाया घालविले नाहींत. फक्त एक चूक आम्हांला त्यांच्या यंत्रांत सांपडली : सोळा जीबीची एकच पट्टी बसविलेली होती. आठ-आठच्या दोन पट्ट्या दोन मार्गांवर बसविल्या असत्या, तर स्मृतीकडून माहिती येण्याचा मार्ग दुप्पट रुंद झाला असता, आणि ज्या यंत्रांत वेगळें ग्राफिक्स कार्ड नाहीं त्याला चित्रांच्या कामांत त्याचा विशेष लाभ होतो. पुढें पाहतों तों २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकले, कीं आमच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनला तसा भाव एक हंगाम जरी मिळाला तरी पुष्कळ झालें.

इतका वेळ गतीविषयीं बोललों. पण यंत्र बदलण्याचें खरें कारण सध्यां गति नसून निराळेंच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज-१० ची नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली; वैयक्तिक वापरासाठीं नांव नोंदविणारांस सुरक्षेपुरती आणखी एक वर्षाची मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, जाहीर केली. डागडुजी थांबली म्हणून यंत्र बंद पडत नाहीं. परंतु चोराला भिंतींतलें नवें भगदाड सांपडलें तर तें बुजविण्यास कोणी येणार नाहीं; आणि ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, लोकांचीं आधारपत्रें छापलीं जातात, तेथें ही गोष्ट गंभीर आहे.

विंडोज-११ घालावें, तर त्याची अट अशी कीं इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद वगळतां, आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, आणि किल्ल्या जपणारी टीपीएम २.० नांवाची व्यवस्था हवी. ही दुसरी वस्तु पुष्कळ यंत्रांत असते पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्यें जाऊन ती सुरू करतां येते. पहिल्या अटीचा मात्र नांदेडकरांना खरा राग आला, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. त्यांचा आय-फाइव्ह-७५०० हा २०१७ च्या जानेवारींतला. त्याच सालीं ऑक्टोबरांत आठव्या पिढीचा आय-थ्री-८१०० आला. त्यालाहि चारच गाभे, तितकीच सहा एमबीची कॅश, आणि गति जवळजवळ तीच. धाकट्याला विंडोज-११ चें दार उघडें, थोरल्याला बंद! अंगच्या बळांत दोघे भाऊ सारखे. ती रेघ बळ पाहून मारलेली नाहीं. तेव्हां आपलें यंत्र नव्या प्रणालीस चालत नाहीं म्हणजे तें मंद आहे, असें कोणी दुकानदार म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

लिनक्सचा मार्ग आहे. तो फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालतो, आणि त्याची डागडुजी चालू असते. पत्रव्यवहार, ब्राउझर, हिशेब एवढ्यावर ज्याचें भागतें अशा शाळेला किंवा वाचनालयाला मी तोच सुचवीन. अक्षरजुळणीवाल्यांना मात्र येथें ठेंच लागते.

कारण त्यांचा जीव जुन्या कार्यक्रमांत गुंतलेला आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ति, ७.०, ही २००१ सालची. तिच्यांत वर्षानुवर्षें जुळविलेला मजकूर युनिकोडपूर्व मराठी टंकांत आहे. तो टंक नसेल तर पडद्यावर 'शुभविवाह' ऐवजीं रोमन चिन्हांची भेळ दिसते. कांहीं जुन्या टंकसंचांना कुलूप म्हणून एक ठोकळा पॅरलल पोर्टांत बसवावा लागे, आणि तें भोंकच हल्लींच्या यंत्रांना नसतें. त्यांतून विंडोज-११ फक्त ६४ बिटांचें मिळतें, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे जुने कार्यक्रम चालत नाहींत. म्हणून नांदेडकरांच्या दुकानांत कोपऱ्यांत एक तिसरें यंत्र आहे : पेंटियम-४, विंडोज एक्सपी, जाड कांचेचा पडदा. तें इंटरनेटला जोडलेलें नाहीं, आणि जोडूंहि नये. परंतु तालुक्याहून कोणी वीस वर्षांपूर्वींची आपल्या संस्थेची घटना पुन्हां छापावयास आणली, तर ती तेथेंच उघडते. कोणत्याहि चांचणींत ह्या यंत्राला शेवटचा नंबर मिळेल. आणि जें काम दुसऱ्या कोणाकडून होत नाहीं तें हें करतें. मात्र तें दिवसभर चालू ठेवणें परवडणारें नाहीं. त्याचा प्रोसेसर व पडदा मिळून आजच्या यंत्रापेक्षां शंभर वॅट तरी जास्त ओढतात. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशें दिवस धरले तर ते तीनशें युनिट होतात. आपल्या बिलावरचा दर घेऊन ज्यानें त्यानें गुणावें. २०१७ च्या यंत्राबाबत हा हिशेब लागू नाहीं; त्याचा प्रोसेसर नव्याइतकीच वीज घेतो.

अखेरीस ठरलें तें असें. नांदेडकरांनीं फिरती डिस्क काढून तिच्या जागीं साटा-एसएसडी बसविली आणि रॅमची एक पट्टी वाढविली. सारा खर्च सहा हजारांच्या आंत आटोपला. काढलेली डिस्क पुसली नाहीं. सर्व जुन्या कामांची प्रत म्हणून ती कपाटांत ठेवली. मुदतवाढीसाठीं नांव नोंदविलें, आणि नवें यंत्र लग्नसराईची कमाई हातीं आल्यावर घ्यावयाचें ठरविलें. मुलीच्या शिकवणीचे पैसे जेथल्या तेथें राहिले. चहा आतां संपत नाहीं. पहिला घोट घेईपर्यंत पडदा समोर असतो.

पुढें २०२६ च्या आरंभीं मुलीचा परीक्षेचा अर्ज भरावयाची वेळ आली. मामांनीं मोठ्या दिमाखानें तिला आपल्या नव्या यंत्रासमोर बसविलें. अर्ज अर्धा भरून झाला आणि संकेतस्थळ जें अडकलें तें तासभर हलेना. तिकडच्या सर्व्हरवर गर्दी झाली होती. शेवटीं मामांनीं नांदेडला दूरध्वनि केला, "दाजी, तुमच्या डब्यावर उघडतंय का बघा बरं." दाजींनीं पाहिलें. तेथेंहि तेंच चक्र फिरत होतें.